आयल्ट्सची तयारी: बँड अडतो तो रायटिंगमध्ये

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे भरण्याआधी एक कोरा कागद घ्या. ज्या विद्यापीठात, देशात किंवा नोकरीसाठी जायचं आहे, तिथं नेमकं काय मागितलंय ते त्यावर लिहून काढा. ‘साडेसहा लागतात’ एवढं लिहून भागत नाही. एकूण किती बँड (म्हणजे गुण), प्रत्येक विभागात किमान किती, परीक्षा अ‍ॅकॅडमिक हवी की जनरल ट्रेनिंग, निकाल किती जुना चालतो, ही चारही उत्तरं हवीत. आयल्ट्सचा निकाल साधारण 2 वर्षं ग्राह्य धरतात. म्हणजे पुढच्या वर्षाच्या पुढच्या वर्षी जायचं असेल, तर आज घाई करून परीक्षा देण्यात फायदा नाही.

परदेशात पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर अ‍ॅकॅडमिक. कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा असेल तर जनरल ट्रेनिंग. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर अ‍ॅकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5 लागतात. नर्सना ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, हा दुसरा मार्गही खुला आहे. त्यात रायटिंग म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून 180 ते 200 शब्दांचं रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र. वॉर्डात काम केलेल्यांना हवामानबदलावर निबंध लिहिण्यापेक्षा हे जवळचं वाटतं. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी ‘यूकेव्हीआय’ (तिथलं व्हिसा खातं) शिक्क्याची आयल्ट्स लागते. प्रश्नपत्रिका तशीच असते, पण नोंदणी वेगळी असते. साधी देऊन बसलात तर फी वाया जाते. गोव्यात अजून एक गैरसमज बऱ्याच घरांत आहे. पोर्तुगीज पासपोर्ट हातात असला की ब्रिटनमध्ये नोकरीला सरळ जाता येतं, असं मानतात. 1 जानेवारी 2021 पासून ती सोय संपली आहे. आता नव्यानं जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही व्हिसा लागतो.

एकूण बँडवर भुलू नका

एकूण बँड म्हणजे चार विभागांची सरासरी. ती .25 वर आली तर वरच्या अर्ध्या बँडला जाते, .75 वर आली तर वरच्या पूर्ण बँडला. समजा लिसनिंग 7, रीडिंग 6.5, रायटिंग 5.5 आणि स्पीकिंग 6 मिळाले. बेरीज 25, सरासरी 6.25, निकालावर 6.5. घरात आनंदीआनंद होतो. पण विद्यापीठानं ‘कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी नको’ अशी अट घातलेली असते आणि रायटिंगचे ते 5.5 अर्ज अडवून धरतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं गाडं बहुधा इथंच अडतं. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेली पेडणे, सत्तरी, डिचोलीकडची मुलं इंग्रजी ऐकण्यात आणि कामापुरतं बोलण्यात मागे पडत नाहीत. तिन्हीसांजेला शॅकवर किंवा हॉटेलच्या रिसेप्शनला काम केलेल्यांना परदेशी उच्चारांचीही सवय असते. पण शाळेत निबंध पाठ करून लिहिलेला असतो. स्वतःचा मुद्दा इंग्रजीत शेवटापर्यंत मांडायची वेळ क्वचितच आलेली असते. म्हणून हाताशी आठ आठवडे असतील तर निम्मा वेळ रायटिंगला द्या. सुरुवात मात्र पूर्ण मॉक टेस्टनं करा, घड्याळ लावून आणि मध्ये न उठता. अधिकृत सराव प्रश्नपत्रिकाच वापरा. मोबाइलवर फिरणाऱ्या फुकटच्या पीडीएफमध्ये उत्तरतालिकाच चुकीच्या असतात.

रायटिंग

60 मिनिटांत दोन टास्क. पहिला किमान 150 शब्दांचा, दुसरा किमान 250 शब्दांचा. दुसऱ्याला दुप्पट वजन आहे, म्हणून 20 आणि 40 अशी मिनिटांची वाटणी पाळा. पहिला टास्क सोपा वाटतो म्हणून त्यातच अर्धा तास घालवणं ही सर्वांत महाग चूक. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर तेवढे शब्द मोजणीत धरत नाहीत.

अ‍ॅकॅडमिकच्या पहिल्या टास्कमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया असते. इथं मत मांडायचं नसतं. प्रत्येक आकडा वाचून दाखवायचाही नसतो. सगळ्यांत मोठा बदल कुठला, सगळ्यांत वर काय, कोण कोणाच्या पुढं गेलं, हे दोन वाक्यांत सांगणारा सारांश लिहा आणि तो दुसऱ्याच परिच्छेदात ठेवा. तो नसेल तर बाकीचं वर्णन कितीही शुद्ध असलं तरी या टास्कचा बँड वर सरकत नाही. आणि लाख-कोटी विसरा. 1 लाख 50 हजार म्हणजे वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड, 20 लाख म्हणजे टू मिलियन. ‘लॅक्स’ लिहिलंत तर परीक्षकाला आकडा लागत नाही, आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं दिलात तर गोंधळ आणखी वाढतो.

दुसऱ्या टास्कला आधी पाच मिनिटं फक्त प्रश्न वाचा. तो मत विचारतो आहे, दोन्ही बाजू मागतो आहे, की कारणं आणि उपाय? ‘दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या’ अशा प्रश्नाला फक्त एक बाजू जोरात मांडली, तर इंग्रजी कितीही चांगलं असो, गुण तिथंच जातात. मग 30 मिनिटं लिहा आणि शेवटची पाच तपासायला ठेवा. चार परिच्छेद पुरतात.

परिच्छेद उभा कसा करायचा, ते एका उदाहरणावर बघा. प्रश्न पर्यटनाच्या फायद्यातोट्यांचा आहे. बरेचजण लिहितात: पर्यटनामुळे रोजगार मिळतो, अर्थव्यवस्था वाढते, संस्कृतीची देवाणघेवाण होते. तीन मुद्दे झाले, पण एकही उभा राहिला नाही. त्याऐवजी एकच मुद्दा धरा. किनाऱ्यावरच्या गावात कुटुंब घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतं. त्या उत्पन्नामुळे मुलांना कामासाठी गाव सोडावं लागत नाही. पण हे उत्पन्न हंगामी असतं. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात आणि म्हणून कुटुंबाला दुसरा आधार लागतोच. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला ‘म्हणजे काय’ किंवा ‘मग पुढं काय’ असं विचारतं. बँड 5 आणि 7 मधलं अंतर या साखळीत असतं, अवघड शब्दांत नाही.

गोव्यातली उदाहरणं बेलाशक वापरा. खाणी बंद पडल्यावर डिचोली-सांगेतल्या ट्रकवाल्यांचं काय झालं, खाजन शेतीचे (खाडीकाठी बांध घालून केलेल्या खारजमिनीतल्या शेतीचे) बांध का फुटतात, जुन्या घरांच्या जागी फ्लॅट आल्यावर विहिरींचं पाणी का आटतं, हे सगळं तुम्हाला आतून ठाऊक आहे आणि पाठांतराच्या उदाहरणापेक्षा ते कितीतरी जिवंत असतं. फक्त परीक्षकानं गोवा पाहिला असेल असं गृहीत धरू नका. खाजन म्हणजे काय, ते अर्ध्या वाक्यात सांगा. पाठ केलेले निबंध आणि कुठल्याही विषयाला चिकटणारी तयार वाक्यं परीक्षकाला लगेच ओळखू येतात.

आता व्याकरण. चुका विखुरलेल्या नसतात. बहुतेक चुका मराठीतून सरळ इंग्रजीत उतरतात आणि म्हणूनच त्या धरता येतात. ‘मी दोन वर्षांपासून इथं काम करतोय’ याचं ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ होतं. हवं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. ‘मी त्याला काल पाहिलंय’ यातल्या ‘लंय’मुळे ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ होतं. काल म्हटलं की साधा भूतकाळ, ‘आय सॉ हिम’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘आय अ‍ॅम हॅविंग’ होत नाही, ‘आय हॅव’ होतं. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको, ‘कोप’नंतर ‘अप’ नको. इन्फर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर यांना एस लागत नाही. ‘ए’ आणि ‘द’ तर आपल्या भाषेत नाहीतच, म्हणून ते गळतात. शेवटच्या पाच मिनिटांत निबंध पुन्हा वाचताना फक्त नामांवर बोट ठेवत जा: हे मोजता येतं का, एक आहे की अनेक, वाचणाऱ्याला कुठलं ते माहीत आहे का. स्वतःच्या चुकांची एक वही ठेवा. दर आठवड्याला त्याच त्याच सहा-सात चुका सापडतील, आणि त्या गेल्या की बँड हलतो.

आठवड्याला तीन निबंध लिहा. रोज एक नको. लिहिलेला निबंध दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा लिहिणं, हाच खरा सराव. परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर निबंधही टाइप करूनच लिहा. शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण स्पेलिंग सुधारून मिळत नाही. तेव्हा सरावातही ऑटोकरेक्ट बंद ठेवा.

लिसनिंग आणि रीडिंग

दोन्हींत 40-40 प्रश्न. साधारण 30 बरोबर आले की 7 आणि 23 आले की 6 बँड. जनरल ट्रेनिंगचं रीडिंग सोपं असतं, म्हणून तिथं 7 साठी 34 च्या आसपास लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडू नका.

लिसनिंगमध्ये ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं लिहिलेलं असताना तीन लिहिले तर उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं किंवा अनेकवचनाचा एस राहिला तरी चूक. बोलणारा मुद्दाम आधी मंगळवार म्हणतो, मग ‘नको, गुरुवार बरा’ असं सुधारतो. पहिलं ऐकलं की लगेच पेन खाली ठेवणारे इथं फसतात. आकड्यांत थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक जोर कुठल्या टोकावर आहे त्यावरून ओळखा. नाव अक्षरं सांगून लिहायला लावतात, तेव्हा ए, ई आणि आय यांत घोटाळा होतो, ऑस्ट्रेलियन उच्चारात तर जास्तच. दुसऱ्याला अनोळखी नावांची स्पेलिंगं फोनवर सांगायला लावून आठवडाभर हा सराव केला तरी पुरे.

रीडिंगला 60 मिनिटं, आणि उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. अ‍ॅकॅडमिकचे तीन उतारे क्रमाने अवघड होत जातात. म्हणून 15, 20 आणि 25 मिनिटं अशी वाटणी ठेवा.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन हा प्रकार सगळ्यांना छळतो. समजा उताऱ्यात एवढंच आहे: ‘बेटावर जाणारी फेरीबोट रात्री दहानंतर बंद होते, म्हणून गावकऱ्यांनी पुलाची मागणी केली.’ ‘गावकऱ्यांना पूल हवा आहे’ हे ट्रू. ‘रात्री अकराला फेरीबोट मिळते’ हे फॉल्स, कारण उतारा त्याच्या उलट सांगतो. ‘सरकारनं मागणी मान्य केली’ हे नॉट गिव्हन. अशा मागण्या किती वर्षं पडून राहतात हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात फॉल्सकडे जातो. पण उतारा त्याबद्दल गप्प आहे. स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवायचं आणि फॉल्स लिहिण्याआधी त्याला खोडणारं वाक्य बोटानं दाखवता येतंय का ते बघायचं.

स्पीकिंग

11 ते 14 मिनिटांचं संभाषण. मधल्या भागात विषय लिहिलेलं क्यू कार्ड मिळतं, एक मिनिट तयारीला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. त्या मिनिटात वाक्यं लिहू नका, पाच शब्द लिहा. सणाबद्दल विचारलं तर आषाढातला माशेलचा चिखलकालो घ्या: कोण जमतं, चिखलात कुठले खेळ खेळतात, कपडे धुताना घरी काय होतं, लहानपणी तो कसा वाटायचा. दिवाळीवर सगळेच बोलतात, आणि ठरावीक चार वाक्यांनंतर थांबतात.

अ‍ॅक्सेंटचे गुण कापत नाहीत. ब्रिटिश ढंग आणायला गेलात तर बोलण्याचा वेग तुटतो. शब्द कळला पाहिजे एवढंच. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकार बोलताना सारखेच होतात, म्हणून ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ मुद्दाम घोटा. ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘डब्ल्यू’ला ओठ गोल होतात. ‘आत्ताच आलो’चं ‘नाउ ओन्ली आय केम’ आणि वाक्याच्या शेवटचं ‘नो’ आणि ‘मॅन’ मित्रांसाठी राखून ठेवा. रोज दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. कुठं अडखळता ते दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

कागदपत्रं आणि निकालानंतर

मूळ पासपोर्टच लागतो, आणि नोंदणी करताना त्यातलंच स्पेलिंग जसंच्या तसं टाका. गोव्यात हे जपून करायला हवं. जुन्या जन्मदाखल्यांवर आडनावं पोर्तुगीज वळणानं लिहिलेली आहेत. नाईकचं स्पेलिंग शेवटी क्यू-यू-ई असतं, गावकर सी घेऊन येतो. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं असं असेल तर परीक्षेआधीच ते मिटवायला लागा. निकाल पासपोर्टच्या नावानं येतो आणि विद्यापीठ तो पदवीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघतं.

लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग सलग होतात, मध्ये सुटी नाही. पावसाळ्यातली तारीख घेतली असेल आणि वाळपई किंवा पेडण्याहून यायचं असेल, तर पहिली कदंबा बस पकडा.

एकच विभाग पडला असेल तर सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना 60 दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो. मात्र हा निकाल सगळीकडे चालत नाही, म्हणून आधी विद्यापीठाला ईमेल करून लेखी विचारा. फेरतपासणी 6 आठवड्यांच्या आत मागता येते आणि बँड वाढला तर फी परत मिळते. रायटिंग आणि स्पीकिंगला परीक्षकाचा अंदाज लागतो, म्हणून तिथं अर्धा बँड कमी पडला असेल तर ती मागण्यात अर्थ आहे. लिसनिंग-रीडिंगची उत्तरं ठरलेली असतात. तिथं ते पैसे नव्या तारखेसाठी ठेवा.