टेसचा डेटा घेऊन घरबसल्या ग्रह कसा शोधायचा, आणि तो खरा आहे का ते कसं तपासायचं

बऱ्याच जणांना अजून वाटतं की स्पेस टेलिस्कोपचा डेटा म्हणजे नासातल्या लोकांचंच काम, आपण फक्त फोटो बघायचे. तसं अजिबात नाहीये. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला नासाने एप्रिल २०१८ मध्ये सोडलेल्या टेस दुर्बिणीचा डेटा फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही, लागतं काय तर नेट, ब्राउझर आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार. बीएस्सीच्या मुलांनी, नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर काढणाऱ्यांनी, कोणीही करावं असं हे काम आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी डेटा काय आहे ते समजून घ्या, नाहीतर नुसतं कॉपी-पेस्ट होईल. टेसला चार कॅमेरे आहेत, ते मिळून आकाशाचा २४ बाय ९६ अंशांचा पट्टा साधारण २७ दिवस सलग बघतात, त्याला सेक्टर म्हणतात, मग पुढचा पट्टा. निवडक ताऱ्यांचा प्रकाश दर दोन मिनिटांनी मोजलेला असतो आणि त्याचा वेळेनुसार काढलेला आलेख म्हणजे लाइट कर्व्ह. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित कमी होतो, हा ट्रान्झिट. किती कमी? ग्रहाची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या, त्याचा वर्ग, बस. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तर साधारण १ टक्का, पृथ्वीएवढा आला तर जेमतेम ०.००८ टक्के. त्यामुळे पहिल्याच दिवशी दुसरी पृथ्वी शोधायला बसू नका, आणि नवीन ग्रहसुद्धा नको, आधी माहीत असलेला ग्रह स्वतःच्या हाताने काढून बघा, म्हणजे आपली पद्धत बरोबर आहे की नाही ते कळतं.

यासाठी मी सगळ्यांना वास्प-१८ सुचवतो. दक्षिणेकडच्या फिनिक्स तारकासमूहातला तारा, त्याचा ग्रह २००९ मध्ये जाहीर झाला, वस्तुमान गुरूच्या दहापट आणि एक फेरी २२ तास ३६ मिनिटांत! म्हणजे एका सेक्टरमध्येच पंचवीसच्या आसपास ट्रान्झिट मिळतात, खोली (म्हणजे प्रकाश किती कमी होतो ते) जवळजवळ १ टक्का, शिकायला यापेक्षा सोपा तारा मिळणं अवघड आहे.

गूगल कोलॅब उघडा (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची सोय), पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, इथे मी नावं देवनागरीत लिहितोय). मग सर्च लाइटकर्व्ह या फंक्शनला ताऱ्याचं नाव द्या, ते बाल्टिमोरच्या मास्ट आर्काइव्हमध्ये, म्हणजे टेसचा डेटा साठवलेला असतो तिथे, जाऊन शोधतं आणि लांबलचक यादी देतं, ज्यात एकाच सेक्टरच्या तीन-चार वेगवेगळ्या फाइल असतात कारण वेगवेगळ्या गटांनी आपापल्या पद्धतीने प्रकाश मोजलेला असतो. नवीन माणूस इथेच गोंधळतो. तुम्ही ऑथर म्हणून स्पॉक (टेसच्या डेटावर प्रक्रिया करणारं नासाचं केंद्र) निवडा, एक्सपोजर १२० सेकंद, सेक्टर २, आणि डाउनलोड. फाइलमध्ये दोन प्रकारचे फ्लक्स, म्हणजे प्रकाशाचे आकडे, असतात, सॅप म्हणजे मोजला तसा आणि पीडीसीसॅप म्हणजे दुर्बिणीमुळे आलेले चढउतार काढून टाकलेला. आपल्याला दुसरा हवाय, लाइटकर्व्ह आपोआप तोच घेतं, पण काही संशयास्पद दिसलं तर सॅपसुद्धा प्लॉट करून बघायची सवय लावा, कारण सुधारणा करतानाच आलेखात ट्रान्झिटसारखा एखादा खड्डा तयार झालेला असू शकतो.

प्लॉट केलं की खाली वेळ १३५४ वगैरे आकड्यांत दिसेल, ती ज्युलियन तारीख (खगोलशास्त्रात दिवस सलग मोजायची पद्धत) वजा २४५७००० आहे. मधोमध डेटाच नाही अशी मोकळी जागा दिसेल, ती चूक नाही. टेस १३.७ दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते आणि जवळ आली की डेटा खाली पाठवते, तेव्हा निरीक्षण थांबतं. या मोकळ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे आलेख जरा वाकडातिकडा असतो, तिथल्या खड्ड्यांवर पटकन विश्वास ठेवू नका.

आता साफसफाई. सगळ्यात जास्त ग्रह इथेच हरवतात, म्हणून थोडं सावकाश वाचा. आउटलायर काढणारं फंक्शन वरचे आणि खालचे दोन्हीकडचे टोकाचे बिंदू उडवतं, आणि ट्रान्झिट म्हणजे खालचेच बिंदू! म्हणून फक्त वरचे उडवा, खालची मर्यादा अनंत ठेवा. दुसरं म्हणजे फ्लॅटन, जे ताऱ्याचे स्वतःचे हळूहळू होणारे बदल सपाट करतं. त्याची विंडो, म्हणजे सपाट करताना एका वेळी किती बिंदू बघायचे ते, डिफॉल्ट १०१ बिंदूंची आहे, दोन मिनिटांच्या हिशोबाने ३ तास २२ मिनिटं. वास्प-१८ चा ट्रान्झिट दोन तासांहून थोडा जास्त चालतो, म्हणजे विंडो जवळजवळ ट्रान्झिटच्याच मापाची झाली, मग ते फंक्शन ट्रान्झिटलाच ताऱ्याचा बदल समजून भरून काढायला लागतं आणि खड्डा उथळ होतो, त्याच्या दोन्ही बाजूंना खोटे उंचवटे येतात. विंडो ९०१ किंवा १००१ द्या, आकडा विषमच लागतो. एकदा १०१ देऊन आणि एकदा १००१ देऊन दोन्ही आलेख एकावर एक काढा, हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी म्हणेन.

मग पीरियड, म्हणजे ग्रहाला एका फेरीला लागणारा वेळ. पीरियडोग्राम (कोणत्या पीरियडला खड्डे सगळ्यात चांगले जुळतात ते दाखवणारा आलेख) काढताना मेथड बीएलएस द्या, म्हणजे बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स, २००२ मधली पद्धत आहे आणि अजून सगळे वापरतात. अर्धा दिवस ते दहा दिवस एवढी रेंज ठेवा. ट्रान्झिटचा कालावधी सगळ्यात छोट्या पीरियडपेक्षा लहान असावा लागतो नाहीतर एरर येते. सगळ्यात उंच शिखर ०.९४१ दिवसांच्या आसपास यायला पाहिजे. दुप्पट आणि तिप्पट पीरियडलापण शिखरं दिसतात, घाबरायचं काही नाही. त्या पीरियडने फोल्ड केलं, म्हणजे आलेखाचे तेवढ्या लांबीचे तुकडे एकावर एक ठेवले, की सगळे ट्रान्झिट एकावर एक बसतात आणि बशीसारखा छान खड्डा दिसतो. खोली ०.९५ टक्के आली तर वर्गमूळ ०.०९७, ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या एवढ्या पट, तारा सूर्याच्या साधारण सव्वापट, म्हणजे ग्रह गुरूपेक्षा जरा मोठा. एवढं तुम्ही स्वतः मोजलंत!

अजून एक गोष्ट करा. फोल्ड केलेला डेटा बिन करा (जवळजवळच्या बिंदूंची सरासरी घ्या) आणि फेज ०.५ जवळ, म्हणजे ट्रान्झिटपासून अर्ध्या फेरीवर, बघा, ग्रह ताऱ्यामागे जातो तेव्हाचा ०.०३४ टक्क्यांचा छोटासा खड्डा तिथे असतो. ग्रह इतका तापलेला आहे की तो मागे गेल्यावर त्याचा स्वतःचा प्रकाश कमी झालेला कळतो. मला या सगळ्या प्रकारात हे सगळ्यात भारी वाटतं.

पण खड्डा दिसला म्हणजे ग्रह मिळाला असं नाही, आणि खरं संशोधन इथून सुरू होतं. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा आहे, त्यात शेजारचे तारेसुद्धा सहज येतात. शेजारी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असेल तर तिचा खोल खड्डा आपल्या ताऱ्याच्या प्रकाशात मिसळून उथळ होतो आणि हुबेहूब ग्रहासारखा दिसतो. म्हणून पीरियड दुप्पट करून फोल्ड करा, सम आणि विषम खड्डे वेगळ्या खोलीचे निघाले तर ती बहुतेक ताऱ्यांची जोडी. खड्डा व्ही आकाराचा असेल तरी संशय घ्या. टार्गेट पिक्सेल फाइल उतरवून प्रत्येक पिक्सेलचा वेगळा आलेख काढा आणि खड्डा नक्की कुठल्या पिक्सेलमध्ये जास्त आहे ते बघा, त्या जागी गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीच्या कॅटलॉगमध्ये कोणते तारे आहेत तेही बघा. फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) क्राउडसॅप नावाचा आकडा असतो, मोजलेल्या प्रकाशातला किती हिस्सा आपल्या ताऱ्याचा ते त्यावरून कळतं. १ च्या जवळ असेल तर बरं, ०.६ वगैरे असेल तर जपून.

एवढं करूनही आकारच कळतो, वजन नाही. गुरूएवढ्या आकाराचा तपकिरी बटू (ग्रहापेक्षा जड, ताऱ्यापेक्षा हलका) किंवा अगदी छोटा लाल तारासुद्धा असू शकतो, त्यासाठी जमिनीवरच्या दुर्बिणीने, भोवती फिरणाऱ्याच्या ओढीमुळे कमीजास्त होणारा ताऱ्याचा वेग मोजावा लागतो. हे काम आपल्याकडे माउंट अबूला पीआरएलचे (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे) लोक पारस या स्पेक्ट्रोग्राफवर (ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागणाऱ्या यंत्रावर) करतात, टेसने दाखवलेला टीओआय-१७८९ या ताऱ्याचा ग्रह त्यांनी २०२१ मध्ये असाच पक्का केला, वजनाने गुरूपेक्षा कमी आणि आकाराने मोठा. काही सापडलंय असं वाटलं तर आधी एक्सोफॉप या ग्रहांच्या नोंदींच्या वेबसाइटवर ताऱ्याचा टिक नंबर (टेसच्या यादीतला क्रमांक) टाकून बघा, बहुतेक वेळा कोणीतरी आधीच नोंद करून ठेवलेली असते.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचाराल तर ग्रहांपेक्षा जोडतारे किंवा ताऱ्यांवरचे फ्लेअर (अचानक होणारे स्फोट) घ्या, डेटा तोच, पद्धत तीच, आणि ज्यावर कोणी नीट काम केलेलं नाही असे तारे पुष्कळ आहेत. एक्स-रे किंवा अतिनीलमध्ये रस असेल तर इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटासुद्धा खुला आहे, त्यासाठी मदत करणारा सेल पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतच आहे.

वास्प-१८ जमलं की पुढचा तारा पाय मेन्सी घ्या, सेक्टर १. टेसने शोधलेला पहिला ग्रह याच ताऱ्याभोवती, सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर झाला. पृथ्वीच्या साधारण दुप्पट त्रिज्या, पीरियड ६.२७ दिवस, खोली फक्त ०.०३ टक्के, कच्च्या आलेखात डोळ्यांना काहीच दिसत नाही. इथे विंडो, आउटलायर, बीएलएसची रेंज, सगळं स्वतः ठरवावं लागतं. तिथे अडलात तर कोणती विंडो आणि कोणती रेंज दिली होती तेवढं लिहून कळवा, मिळून बघू.