‘सिन्स’ की ‘फॉर’: ‘पासून’वर विसंबून राहू नका

‘पासून दिसले की सिन्स लावा’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो आधी मनातून काढून टाकावा. मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत मात्र सोमवार हा आरंभबिंदू असल्यामुळे ‘सिन्स मंडे’ येते, तर तीन दिवस हा कालावधी असल्यामुळे ‘फॉर थ्री डेज’ येते.

त्यामुळे वाक्यातील कालवाचक शब्द वेगळा काढून कॅलेंडरवर किंवा घड्याळात त्या क्षणावर बोट ठेवता येते का, एवढेच पाहावे. ठेवता आले तर ‘सिन्स’, काळ मोजावा लागला तर ‘फॉर’. ‘सिन्स लास्ट वीक’ म्हणजे गेल्या आठवड्यापासून आणि ‘फॉर द लास्ट वीक’ म्हणजे आजपर्यंतचे सात दिवस.

खरी कसोटी क्रियापदाची आहे आणि बहुतेक मार्गदर्शक नेमके तिथेच हात आखडता घेतात. ‘मी 2019 पासून येथे काम करतो’ यातला वर्तमानकाळ जसाच्या तसा उचलला की ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019’ असे वाक्य तयार होते. त्यात ‘सिन्स’ अचूक आहे, पण काळ चुकलेला आहे. पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी इंग्रजीला ‘हॅव’ लागते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019’.

‘फॉर’च्या बाबतीत तर याहून अधिक सावध राहावे, कारण काळ बदलला की वाक्य बरोबरच राहते, पण अर्थ पालटतो. ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटल्यास ती नोकरी संपलेली असते. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटल्यास ती चालू असते. नोकरीच्या अर्जात ही गफलत मुळीच परवडत नाही. तसेच ‘आय ॲम हिअर फॉर टू वीक्स’ ऐकणारा तुमचा मुक्काम एकूण दोन आठवड्यांचा आहे असे समजतो. दोन आठवडे उलटून गेले आहेत, हे सांगण्यासाठी ‘आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स’ असेच म्हणावे लागते.

‘सिन्स’नंतर पूर्ण उपवाक्य आले आणि त्यातली घटना घडून गेलेली असली, तर तिथे साधा भूतकाळ ठेवावा: ‘सिन्स आय लेफ्ट’. ‘सोमवारपासून येईन’ यासारख्या पुढच्या गोष्टीसाठी मात्र या दोन्हींपैकी काहीच न वापरता ‘फ्रॉम मंडे’ म्हणावे.