एसक्यूएल शिकवणारे वेब ॲप उभारताना या चुका टाळा

विद्यार्थ्याने ब्राउझरमध्ये क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत दिलेली आज्ञा, लिहावी आणि निकाल लगेच खाली दिसावा, एवढे ॲप पोस्टग्रेस (डेटाबेस प्रणाली) व डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) यांवर एका दुपारीही उभे राहते. पण घाईत ते सुपरयूजरच्याच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने डेटाबेसला जोडलेले मी इतक्यांदा पाहिले आहे की, कोणी मदत मागितली की आधी तेच तपासतो.

ही चूक मीही केलेली आहे. एका महाविद्यालयातील प्रात्यक्षिकात चाळीस जण एकाच डेटाबेसवर सराव करत असताना एकाने 'व्हेअर'ची अट न लिहिता नोंदी बदलणारे 'अपडेट' चालवले. सगळ्या कर्मचाऱ्यांचा पगार 500 झाला आणि उरलेले एकोणचाळीस जण सरासरीही नेमकी 500च का येते, हे आपापल्या क्वेरीत शोधत बसले. त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. शिकणारा चुकणारच, हे धरूनच असे ॲप बांधायचे असते. तेव्हापासून मी आरंभीच वेगळा रोल (डेटाबेसमधील खाते) तयार करून त्याला सरावाच्या टेबलांवर केवळ 'सिलेक्ट'चा, म्हणजे वाचण्याचा, अधिकार देतो. प्रत्येक क्वेरी ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) चालवून शेवटी 'रोलबॅक' करण्याची, म्हणजे बदल रद्द करण्याची, पळवाट अनेकांना आवडते. मात्र ॲप एका खेपेस अनेक विधाने स्वीकारत असेल, तर मध्येच बदल कायम करणारे 'कमिट' लिहिले की ती पळवाट निकामी होते.

वेळमर्यादेचेही तसेच. पोस्टग्रेसमध्ये 'स्टेटमेंट टाइमआउट' मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो, आणि हजार ओळींचे टेबल अटीविना तीनदा जोडले की 100 कोटी ओळी होतात. मी पाच सेकंद ठेवतो. मात्र रोलवर लावलेली ही मर्यादा विद्यार्थी 'सेट' वापरून पुन्हा शून्य करू शकतो, म्हणून रेंगाळलेली क्वेरी ॲपने स्वतंत्र कनेक्शनवरून बंद करावी.

उत्तर तपासताना क्वेरीचा मजकूर नव्हे, निकाल ताडून पाहावा. प्रश्नात क्रम मागितला नसेल, तर ओळी पुढेमागे आल्या म्हणून गुण कापू नयेत.

ॲप आणि डेटाबेस वेगवेगळ्या कंटेनरमध्ये असतात, आणि कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तोच कंटेनर. म्हणून ॲपमध्ये डेटाबेसचा पत्ता देताना तेथे डेटाबेसच्या सर्व्हिसचे (डॉकरच्या मांडणीत त्या कंटेनरला दिलेले) नाव लिहावे.

आरंभीची स्क्रिप्ट बदलूनही नवी टेबले दिसत नाहीत, कारण ती स्क्रिप्ट डेटाबेसचे डेटा फोल्डर रिकामे असतानाच चालते. अशा वेळी अधीर मंडळी सरळ व्हॉल्यूम (डॉकर हा डेटा जिथे टिकवून ठेवतो ती जागा) पुसून मोकळी होतात आणि विद्यार्थ्यांची प्रगती त्यातच साठवलेली असेल, तर तीही जाते. मी त्या नोंदींसाठी दुसरा कंटेनर आणि दुसरे व्हॉल्यूम ठेवतो.