कमी खर्चात रस्त्याचा खडबडीतपणा कसा मोजावा

लेझर बसवलेली सर्वेक्षण वाहने ज्यांना परवडत नाहीत, अशा देशांसाठी ब्रिटनच्या परिवहन संशोधन प्रयोगशाळेने ‘मर्लिन’ हे हाताने ढकलायचे साधन तयार केले. साधारण वेल्डिंगच्या कारखान्यातही ते बनू शकते. सांगाड्याच्या पुढे सायकलसारखे चाक, मागे लोखंडी पाय, दोन्ही टेकूंमध्ये १.८ मीटर अंतर आणि बरोबर मध्यावर रस्त्याला टेकणारी तरफ असते. तरफेचे टोक १ मिलिमीटर हलले की दुसऱ्या बाजूचा काटा तक्त्यावर १० मिलिमीटर सरकतो.

सुरुवातीला टोकाखाली जाडी माहीत असलेली लोखंडी पट्टी सरकवून ही दसपट जरूर तपासावी, कारण इथली चूक पुढच्या प्रत्येक नोंदीत उतरते. मग वाहनांच्या चाकोरीतून साधन न्यावे आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थांबून, काटा असेल त्या रकान्यात फुली मारावी. खड्डा दिसला म्हणून तो टाळू नये. तोही रस्त्याचाच भाग आहे.

२०० फुल्या झाल्यावर दोन्ही कडांकडून दहा-दहा फुल्या सोडून उरलेल्या पट्ट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. तिला ०.०४७१ ने गुणून ०.५९३ मिळवले की आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक मिळतो: रुंदी १०० असेल, तर सुमारे ५.३ मीटर प्रति किलोमीटर. हे सूत्र ४२ ते ३१२ मिलिमीटर रुंदीपुरतेच वापरावे.