अमराठी लोकांना मराठी शिकवताय? नोकरी-धंद्याचा धडा तक्त्यावरून घेऊ नका

पुण्यात अमराठी लोकांच्या मराठी शिकवण्या हल्ली बरेच जण घेतात, ऑनलाइन पण चालतात. आयटीवाले येतात, परराज्यातून बदली होऊन आलेले बँकवाले येतात, मराठी घरात लग्न होऊन आलेल्या सुना येतात, आणि २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झाल्यापासून पोरांचे आईबाबा पण येतात कारण होमवर्क त्यांनाच घ्यावा लागतो. नव्याने शिकवायला लागलेले हमखास विचारतात की व्यवसायांचा धडा कसा घेऊ, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे तो बालवाडीचा तक्ता गुंडाळून ठेवा. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट... हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माणसाला यातला सुतार सोडला तर बाकीचे कधी लागणार? त्याला इस्त्रीवाले, टेलर, प्लंबर, वॉचमन, गॅसवाला लागतो. शिवाय यातली बरीच नावं जातींची पण आहेत, शिकणाऱ्याला ते माहीत नसतं आणि तो सलूनमध्ये जाऊन 'ओ न्हावी' अशी हाक मारून मोकळा होतो. बारा बलुतेदार वगैरे सांगायचं तर सांगा, मला स्वतःला आवडतं, पण पुढच्या लेव्हलला.

दुसरं, 'मी अभियंता आहे, मी लिपिक आहे' असली वाक्यं घोकून घेऊ नका, असं बोलतं कोण? आपण विचारतो 'कुठे असता तुम्ही?' आणि समोरचा म्हणतो 'बँकेत असतो', 'आयटीत आहे', 'शाळेत शिकवते', 'भावाचं दुकान आहे, तिथेच बसतो'. आणि 'गृहिणी' हा शब्द फॉर्म भरताना, एरवी बायका 'मी घरीच असते' म्हणतात. नव्या माणसाला 'कुठे असता' विचारलं की तो बिचारा 'वाकडला' असं राहायचं ठिकाण सांगतो, तेव्हा हा प्रश्न वेगळा काढून शिकवाच. याच्यातच बँक-बँकेत, दवाखाना-दवाखान्यात, कोर्ट-कोर्टात, कंपनी-कंपनीत हे होऊन जातं, व्याकरणाचा वेगळा तास लागत नाही. हिंदीवाले सुरुवातीला सगळ्याला 'मध्ये' लावतात, 'बँक मध्ये, शाळा मध्ये'. लावू दे, कळतं सगळ्यांना, हळूहळू सुधारतं.

शिकवणारी बाई असेल तर अजून एक गंमत होते. मी 'मी क्लास घेते' म्हणते आणि ते ऐकून ऐकून चांगले दाढीवाले इंजिनियर 'मी कंपनीत काम करते' म्हणायला लागतात! त्यामुळे पहिल्या दिवसापासून करतो-करते, असतो-असते दोन्ही समोरासमोर बोलून घ्या, एखाद्या पुरुषाचा आवाज रेकॉर्ड करून ऐकवलात तर फारच उत्तम.

आता 'वाला'. हा हिंदीत पण आहे म्हणून सगळे खूश होतात, पण अडतात पुढे. 'रिक्षावालाला विचारलं' हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. रिक्षावाला, रिक्षावाल्याला, रिक्षावाल्याने, आणि भाजीवाली, भाजीवालीला, भाजीवालीने, हे खेळातूनच घ्या, म्हणजे कोणाकडून काय आणलं, कोणाला किती पैसे दिले असं विचारत सुटा. आणि तोंडावर हाक मारताना 'ए रिक्षावाला' नाही, 'दादा' किंवा 'काका', भाजीवालीला 'मावशी', घरी कामाला येणाऱ्यांना 'ताई' किंवा 'मावशी', हे त्याच तासाला सांगून टाका. डॉक्टर बाई असल्या तरी डॉक्टरच, फक्त 'डॉक्टर आल्या का?' असं विचारायचं, हेही तेव्हाच.

तास रंगवायचा असेल तर आडनावं काढा. ऑफिसमधले कुलकर्णी, पाटील, चिटणीस, फडणीस ही सगळी एकेकाळची कामं होती, कुलकर्णी गावाचा हिशोब ठेवायचे, पाटील गावचा मुख्य, हे कळलं की दुसऱ्या दिवशी लोक सोसायटीच्या पाट्या वाचून याद्या घेऊन येतात. मग आपल्याला पण माहीत नसलेली आडनावं विचारतात ती गोष्ट वेगळी.

परीक्षा म्हणाल तर जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा अजिबात नको. फोन करायला लावा. एकाने प्लंबर व्हायचं, दुसऱ्याने 'हॅलो, नळ गळतोय, आज येताय का, किती घ्याल?' इतकं तरी बोलायचं, आणि प्लंबरने 'आज नाही जमणार, उद्या बघतो' म्हणायचं कारण खरा प्लंबर तेच म्हणतो. दोघं तयार झाले की घरचा अभ्यास द्या, सोसायटीच्या वॉचमनकाकांशी पाच मिनिटं बोलून या, गाव कुठलं, ड्युटी किती ते किती, आधी काय करायचे. फक्त आधी काका मराठी आहेत का ते बघायला सांगा, नाहीतर दोघंही हिंदीत गप्पा मारून परत येतात.