पुण्याच्या उन्हाळ्यात डी-२३ने फिल्म डेव्हलप करताना

डेव्हलपर म्हणजे फिल्मवर टिपलेलं चित्र उमटवणारं द्रावण. जुन्या डेव्हलपरपैकी घरी बनवायला सर्वांत सोपा डी-२३. १९४४ सालच्या या सूत्रात रसायनं दोनच: मेटॉल (चित्र उमटवणारं मुख्य रसायन) ७.५ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी एकूण १ लिटर. डेव्हलपरला चालना देणारा वेगळा अल्कली लागत नाही, ते काम सल्फाइटच करतं. दुकानात मात्र नाव नीट वाचून घ्या. सल्फेट किंवा बायसल्फाइट हातात पडलं तर डेव्हलपर बिघडलाच. मेटॉलने काहींच्या कातडीला कायमची ॲलर्जी जडते, म्हणून हातमोजे हवेतच.

साधारण ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट टाका, म्हणजे मेटॉल हवेने काळवंडत नाही. मग मेटॉल पूर्ण विरघळवा, त्यानंतर उरलेलं सल्फाइट थोडं थोडं. क्रम उलटा केला तर मेटॉल नीट विरघळत नाही. शेवटी पाणी घालून १ लिटर करा आणि गच्च भरलेल्या बाटल्यांत ठेवा.

एका ३५ मिमी रोलला १५० मिली डेव्हलपर आणि तेवढंच पाणी. वापरून झालं की टाकून द्या.

खरी अडचण तापमानाची. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशी ओलांडतं. बर्फ घालून डेव्हलपर २० अंशांवर आणायचा आणि धुवायला तेच गरम पाणी वापरायचं, तर जिलेटिन आकसतं-फुगतं आणि फिल्मवर बारीक सुरकुत्या उमटतात. त्यापेक्षा सगळंच २४ अंशांवर ठेवलेलं बरं. डेव्हलपर, हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुवायचं पाणी, तिन्हींची भांडी पाण्याच्या एकाच घमेल्यात ठेवा. माठातलं पाणी इथे फार उपयोगी पडतं. एचपी५ प्लस या इल्फर्डच्या कृष्णधवल फिल्मसाठी २४ अंशांना साडेआठ मिनिटांपासून सुरुवात करा. पहिली ३० सेकंद डेव्हलपिंगची टाकी (फिल्म ठेवायचा बंद डबा) सतत उलटी-सुलटी करा, मग दर मिनिटाला १० सेकंद. निगेटिव्ह फिकी आली तर पुढच्या रोलला मिनिटभर वाढवा.

मग साध्या पाण्याने मिनिटभर खळबळा आणि हायपो घाला: २५० ग्रॅम स्फटिकी सोडियम थायोसल्फेट, १५ ग्रॅम सल्फाइट, १ लिटर पाणी. हायपो विरघळताना पाणी खूप गार पडतं, म्हणून तो आदल्या रात्रीच कोमट पाण्यात करून ठेवा. फिल्मचा एक तुकडा हायपोत टाकून तो पारदर्शक व्हायला लागणारा वेळ मोजा. खऱ्या रोलला त्याच्या दुप्पट वेळ द्या.

शेवटी फिल्म धुण्यासाठी टाकी पाण्याने भरून अनुक्रमे ५, १० आणि २० वेळा उलटी करा, दर वेळी पाणी बदला. टँकर किंवा बोअरच्या पाण्याने वाळल्यावर पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्डच घ्या.