‘श्राल आणि शीफळ’ होऊ नये म्हणून

मागच्या लग्नसराईत खानापूरकडच्या एका साखरपुड्यात मी माईकवरून व्याह्यांना "श्राल आणि शीफळ" देऊन मोकळा झालो. मांडव खदखदला. पंगतीत एक मामा म्हणाले, "काय गा, सकाळीच कुंदा जास्त झाला व्हय?" (कुंदा म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई.) दिवसा मी बेळगावच्या शहापुरात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो, संध्याकाळी निवेदन करतो. दोन्हीकडे तोंडावरच पोट. म्हणून तेव्हापासून असल्या चुका वहीत टिपतोय.

एक शब्द संपला की मग पुढचा शोधायचा, असं आपण बोलत नाही. सेकंदाला दोन-तीन शब्द जातात, तेवढ्यात पुढचे मनात रांगेला लागलेले असतात. ‘शाल’ म्हणताना ‘श्रीफळ’ मागं उभंच असतं आणि त्यातला ‘श्र’ पुढं घुसतो. अशी अदलाबदल बहुतेक वेळा शब्दांच्या सुरुवातीलाच होते. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे विल्यम स्पूनर (१८४४–१९३०) यापायी इतके गाजले की इंग्रजीत या प्रकाराला त्यांचंच नाव पडलं. तेव्हा आपण काय एकटे नाही.

तर कागद हातात आला की आधी जवळजवळ बसलेले सारखे शब्द हुडका आणि जोडी फोडा. मी आता सरळ ‘शाल आणि नारळ’ म्हणतो. ‘पाहुण्यांचं स्वागत’सुद्धा घाईत ‘स्वाहुण्यांचं पागत’ होतं, म्हणून मध्ये ‘मनापासून’ घालतो. मग उभं राहून दोनदा मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचून उपयोग नाही, डोळा अडखळत नाही, जीभ अडखळते.

नावांचं निराळं. आई मला हाक मारताना आधी थोरल्याचं, मग पुतण्याचं, एकदा तर कुत्र्याचं नाव घेऊन माझ्यावर आली. मायेची माणसं मनात एकाच कप्प्यात असतात, त्याला इलाज नाही. कार्यक्रमात मात्र नावं ठळक अक्षरात, एका ओळीत एकच लिहा.

खरी गंमत आकड्यांत. मराठीत ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी, पन्नास नंतर. कानडीत उलटं: ऐवत्तु आधी, एरडु नंतर, म्हणजे ‘ऐवत्तेरडु’. एकदा बिल झालं ५२, डोक्यात मराठी, गिऱ्हाईक कानडी. तोंडातून गेलं ‘इप्पत्तैदु’, म्हणजे २५. बाईंनी तेवढेच मोजून दिले, पिशवी उचलली आणि गेल्या. २७ रुपये बुडाले. आता मी बेरीज मराठीतच करतो, पण बोलायच्या आधी कॅल्क्युलेटर गिऱ्हाइकाकडं फिरवतो आणि आकडा बघूनच म्हणतो.

शब्दांतही चकवे आहेत. कानडीत बेल्ल म्हणजे गूळ, बेळे म्हणजे डाळ, बेळ्ळी म्हणजे चांदी. गर्दीच्या वेळी गूळ मागणाऱ्याला डाळ बांधलीय मी. हात डब्याकडं जायच्या आधी मागणी एकदा परत उच्चारा, म्हणजे माणूस स्वतःच दुरुस्त करतो. आणि दमलेल्या जिभेवर भरवसा नको. माझ्या वहीतल्या निम्म्या चुका रात्री आठनंतरच्या आहेत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. बोलणं अचानक बोबडं झालं, शब्दच सुचेनात, तोंड वाकडं किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. तेल चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

बाकी माईकवर चूक झालीच, तर बरोबर शब्द एकदा म्हणा आणि पुढं चला. माफी मागत बसलं की लोक चूक पाठ करतात. त्या साखरपुड्यात मी तीनदा माफी मागितली, खानापूरच्या स्टँडवर अजून कुणीतरी विचारतंच, "शीफळ हाय का गा?"